प्रकाश-उत्प्रेरणी जलशुद्धीकरण

प्रकाश शोषून क्रियाशील होणाऱ्या उत्प्रेरकाने पाण्यातील सेंद्रिय प्रदूषकांचे विघटन करण्याची पद्धती. माणसांना व पशुपक्ष्यांना दिलेल्या प्रतिजैव पदार्थांचा बराच अंश मलमूत्रावाटे बाहेर पडतो, त्यामुळे नवापूरसारख्या (जि. नंदुरबार) कुक्कुटपालन केंद्रांत हा विषय महत्त्वाचा ठरतो. औषधनिर्मितीचे कारखाने हा दुसरा उगम होय. पटनचेरू (तेलंगण) येथील अशा सांडपाण्यात, प्रक्रियेनंतरही, लिटरमागे ३१ मिग्रॅ.पर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. असे अवशेष औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या वाढीस अनुकूल ठरतात.

टिटॅनियम डाय-ऑक्साइड हा प्रमुख उत्प्रेरक आहे. त्याच्या ॲनॅटेज रूपावर सु. ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे जंबुपार किरण पडले की, इलेक्ट्रॉन उच्च ऊर्जापट्टात जातात व मागे धन भारित पोकळ्या राहतात. पोकळ्यांच्या पाण्याशी होणाऱ्या विक्रियेने हायड्रॉक्सिल मूलके निर्माण होऊन ती औषधाचे रेणू फोडतात. ऑक्सिडीकरण पूर्ण झाल्यास कार्बन डाय-ऑक्साइड, पाणी व अकार्बनी लवणे उरतात. सूर्यप्रकाशात जंबुपार किरणांचा वाटा अल्प असल्याने दृश्य प्रकाशात चालणाऱ्या उत्प्रेरकांचे संशोधन होत आहे. मूळ औषध नाहीसे झाले, तरी मधली संयुगे जंतुरोधी असू शकतात. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्याची जंतुरोधी क्रियाही तपासावी लागते.