सवय लागते कशी? पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाडवा असो वा १ जानेवारी, पहाटे उठण्याचे, चालायला जाण्याचे, गोड कमी करण्याचे संकल्प घरोघरी होतात. त्यातले कितीतरी महिनाभरात बारगळतात आणि खापर फुटतं ते एकाच गोष्टीवर: ‘माझं मनच कच्चं!’ सवयींवरचं संशोधन मात्र वेगळं सांगतं. घोटाळा मनात कमी आणि सवयीबद्दलच्या आपल्या समजुतींत जास्त असतो.

गैरसमज १: २१ दिवस नेमाने केलं की सवय लागते.

वस्तुस्थिती: हा आकडा सवयींच्या अभ्यासातून आलेलाच नाही. अमेरिकन प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० साली ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात एक निरीक्षण नोंदवलं होतं. शस्त्रक्रियेनंतर आपल्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात, असं ते होतं. तोंडोतोंडी फिरताना त्यातलं ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नोंदी १२ आठवडे तपासल्या. प्रत्येकाने खाण्यापिण्यातली किंवा व्यायामाची एक नवी गोष्ट निवडली होती. ती आपसूक होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागत होते. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी गणिताने काढलेला अंदाज २५४ दिवसांवर गेला. पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. म्हणजे बाविसाव्या दिवशी चालायला जायचा कंटाळा आला, तर त्यात काहीही बिघडलेलं नसतं.

गैरसमज २: एक दिवस चुकला की सगळी मेहनत वाया.

वस्तुस्थिती: लॅली यांच्या अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. त्यामुळे ‘मोडलंच आहे, तर आता पुढच्या सोमवारपासून’ असं म्हणण्याऐवजी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावं.

गैरसमज ३: शिस्तीची माणसं मोहाशी जोरात लढतात.

वस्तुस्थिती: जर्मनीत विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक प्रौढांना आठवडाभर दिवसातून अनेकदा विचारलं, की आत्ता कशाची इच्छा होते आहे आणि ती तुम्ही आवरता आहात का? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संयमी माणसांना मोह आवरण्याची वेळच कमी येत असल्याचं आढळलं. त्यांची लढाई मोठी नव्हती, ती मुळात कमी वेळा होत होती. फरसाणाचा डबा ओट्यावर ठेवून रोज मनाची परीक्षा घेण्यापेक्षा तो घरात न आणणं सोपं. झोपताना मोबाइल उशाशी ठेवण्यापेक्षा दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणं सोपं.

गैरसमज ४: जिद्द पेटली की बाकीचं आपोआप होतं.

वस्तुस्थिती: ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर झालेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे बोलका आहे. एका गटाला व्यायामाचं महत्त्व पटवणारा मजकूर वाचायला दिला. दुसऱ्या गटाला तो दिलाच, शिवाय पुढच्या आठवड्यात कधी आणि कुठे व्यायाम करणार हेही लिहायला सांगितलं. नुसता मजकूर वाचलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी त्या आठवड्यात एकदा तरी व्यायाम केला, वेळ आणि जागा लिहिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी. ज्यांना यातलं काहीच दिलं नव्हतं, त्यांच्यातही ३८ टक्के होते. म्हणजे नुसत्या प्रेरणेने काडीचाही फायदा झाला नाही.

आपल्याकडच्या जुन्या रीती पाहा. जेवण झालं की शतपावली, दिवेलागण झाली की शुभंकरोती. त्यासाठी कुणी गजर लावत नव्हतं की भिंतीवर प्रेरक वाक्यं चिकटवत नव्हतं. रोज घडणाऱ्या एका गोष्टीला दुसरी जोडलेली होती, त्यामुळे पहिली झाली की दुसरीची आठवण आपसूक होई. ‘रोज चालणार’ हा संकल्प म्हणून लटकत राहतो. ‘रात्रीचं ताट उचललं की चप्पल घालून खाली उतरणार’ हा मात्र पाळता येतो.

गैरसमज ५: मानसिकता बदला, आयुष्य बदलेल.

वस्तुस्थिती: बुद्धी प्रयत्नाने वाढू शकते, असं मानणाऱ्यांना पुढे जाणं सोपं जातं, हा मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचा विचार जगभर पोचला. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर त्याची मोठी चाचणी झाली आणि २०१९ साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठानंतर अभ्यासात मागे असलेल्यांच्या सरासरी श्रेणी-गुणांकात ०.१ इतकी वाढ झाली. एवढ्याशा खर्चात हा लाभ चांगलाच, पण चमत्कार नव्हे. दृष्टिकोन दार उघडून देतो, पुढे चालावं लागतंच.

शेवटी एक सांगायला हवं. पहाटे पाचलाच उठलं पाहिजे, असा कुठलाही नियम नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा मध्यरात्री हॉटेल बंद करून घरी येणाऱ्या कामगाराला तो लागूही पडणार नाही. आपल्या दिवसात जी गोष्ट रोज हमखास घडते, तीच निवडा. तिच्यामागे एक छोटी कृती जोडा, कागदावर लिहा आणि निदान तीन महिने द्या. तेवढ्यानेही जमलं नाही, तर स्वतःला नावं ठेवू नका. जोडणी बदलून पाहा.