असीरगडापलीकडे आवाज कसा पोचेल?

समजा, एक जवान बुऱ्हाणपुरात तापीकाठी उभा आहे आणि दुसरा असीरगडाच्या पलीकडे, सातपुड्याच्या एका दरीत. दोघांच्या पाठीवर रेडिओ सेट आहेत. मोबाइल का नाही? कारण त्याला टॉवर लागतो, आणि जवानांना तर टॉवर नसलेल्या जागीच जास्त जावं लागतं. मग सांगा, पहिल्याचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाईल?

बहुतेक नाहीच! अशा सेटच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला, की अडल्या. डोंगराचं सोडा, केळीच्या सपाट शिवारातही पंचाईत आहे. अँटेना जमिनीपासून 2 मीटर उंच असेल, तर क्षितिज जेमतेम 5 किलोमीटरवर येतं. त्यापुढे जमीनच गोल वळून खाली उतरते. म्हणजे आपल्या बोलण्याच्या आड खुद्द पृथ्वी येते! मला याचं फार नवल वाटतं.

मग चढा उंच! असीरगड भोवतालच्या मैदानापेक्षा सुमारे 250 मीटर उंच आहे. नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधल्या वाटेवर नजर ठेवायला जुन्या राजांना तो हवा असायचा, तो या उंचीमुळेच. तिथून क्षितिज 50 किलोमीटरच्याही पुढे सरकतं. गडावर तिसरा सेट ठेवायचा. तो इकडचं ऐकून तिकडे पाठवेल.

पण दर ठिकाणी असीरगड कुठून आणायचा? म्हणून हेच काम उपग्रहाला दिलं. आपल्या नौदलाचा 'रुक्मिणी' हा उपग्रह 30 ऑगस्ट 2013 रोजी आकाशात गेला. असे उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच चालीने फिरतात; त्यामुळे खालून ते एका जागी थांबलेले दिसतात. बुऱ्हाणपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून अँटेना दक्षिणेकडे वळवायची. गच्चीवरच्या टीव्हीच्या डिश बघा, त्यांचीही तोंडं दक्षिणेच्याच बाजूला! आपल्या सरळ दक्षिणेचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे 65 अंश वर असतो. एवढ्या वर बघताना डोंगर सहसा आड येतच नाही.

इंदूरजवळच्या महूला लष्कराचं दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सिग्नलचे अधिकारी आणि जवान तिथे हीच विद्या शिकतात.

आता एक हिशेब करा. आवाज वर जाऊन खाली येतो, म्हणजे सुमारे 72,000 किलोमीटर. लहरींचा वेग सेकंदाला 3 लाख किलोमीटर. म्हणजे शब्द पोचायला जवळजवळ पाव सेकंद, आणि उत्तर यायला आणखी पाव. त्यामुळे उपग्रहावरून बोलताना समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं लागतं, नाहीतर दोघंही एकदम बोलू लागतात.