बारा पौंडांची निळी होमलाइट

अमेरिकेच्या वायव्येकडे, ऑरेगन-वॉशिंग्टनच्या लाकूडतोडीच्या पट्ट्यात एखाद्या जुन्या घरातलं सामान विकायला निघालं, की गॅरेजच्या कोपऱ्यातून हमखास एखादी चेनसॉ बाहेर येते. निळा रंग जागोजागी उडालेला, फटींमध्ये तेल आणि भुसा मिळून झालेला काळा चिकटा, स्टार्टरची दोरी तुटलेली. टाकीचं झाकण उघडलं की पेट्रोलचा नव्हे, शिळ्या वॉर्निशचा वास येतो. विकणारा सांगतो, ठेवली तेव्हा व्यवस्थित चालत होती. घेणाऱ्याला ती थाप वाटते, पण बहुतेकदा ते खरंच असतं. या करवती झिजून बंद पडलेल्या नसतात. काम संपलं, टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, करवत कोपऱ्यात सरकवली गेली आणि पुढे कुणी तिला हात लावला नाही, एवढंच घडलेलं असतं. धातू शाबूत असतो. खराब होतं ते रबर, कागद आणि पेट्रोल.

अशा सापडणाऱ्या करवतींमध्ये होमलाइट एक्सएल-१२ खूप दिसते. होमलाइट ही १९२१ मध्ये सुरू झालेली, न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट चेस्टरची कंपनी. वीज न पोचलेल्या घरांसाठी छोटे जनरेटर बनवणं हा तिचा मूळ धंदा. चेनसॉकडे ती दुसऱ्या महायुद्धानंतर वळली आणि १९६० च्या दशकात तिने एक्सएल-१२ बाजारात आणली. ५४ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, मॅग्नेशियमची बॉडी आणि बार-चेन सोडून वजन १२ पौंड, म्हणजे साधारण साडेपाच किलो.

हा साडेपाच किलोचा आकडा किती महत्त्वाचा, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. जर्मनीत आंद्रेआस श्टीलने १९२६ मध्ये विजेवर चालणारी चेनसॉ बनवली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी. ती दुसरी ४६ किलोंची होती. दोन माणसांनी दोन बाजूंनी धरल्याशिवाय चालत नसे. १९४९ मध्ये अमेरिकेत मॅकलक कंपनीची ३-२५ आली, २५ पौंडांची, एकट्याने चालवायची. १९५९ मध्ये श्टीलने कॉन्ट्रा काढली, १२ किलोंची. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत एक्सएल-१२. एका पिढीत करवत दोघांच्या खांद्यावरून एकाच्या हातात आली. शेतकरी, बागवाले, सरपण स्वतः तोडणारी कुटुंबं, सगळ्यांनी ती घेतली. म्हणूनच आज ती गॅरेजा-गॅरेजात सापडते.

या धंद्यात पैसा किती होता, त्याचं एक उदाहरण पुरेसं आहे. याच मॅकलक कंपनीच्या, चेनसॉने श्रीमंत झालेल्या रॉबर्ट मॅकलकने १९६८ मध्ये लंडन शहराकडून थेम्स नदीवरचा लंडन ब्रिज २४ लाख ६० हजार डॉलरना विकत घेतला, दगड सुटे करून ॲरिझोनाच्या वाळवंटात नेले आणि आपण वसवलेल्या लेक हवासू सिटीत तो पूल पुन्हा उभा केला. १९७१ पासून तो तिथे आहे.

इंजिन हलकं झालं तरी चेन चांगली नसती तर काही उपयोग नव्हता. सुरुवातीच्या चेनचे दाते साध्या करवतीसारखे टोकदार होते. ते लाकूड ओरबाडायचे, लवकर बोथट व्हायचे आणि घासायला फार वेळ खायचे. ऑरेगनमधला जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ मध्ये एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना बघत राहिला. ती अळी आळीपाळीने डावा-उजवा जबडा चालवत लाकडाच्या रेषांच्या दिशेने आणि रेषांना आडवं, दोन्हीकडे सहज पुढे सरकत होती. कॉक्सने तोच आकार पोलादात उतरवला. १९४७ मध्ये पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरातून त्याने अशी चेन विकायला सुरुवात केली. आज जगातल्या बहुतेक चेनसॉवर याच घडणीचा, वळवलेल्या धारेचा दाता असतो. एका लाकूडतोड्याने काम थांबवून अळीकडे बघितलं, त्याचा हा परिणाम आहे आणि यंत्रांच्या इतिहासातली ही फार सुंदर घटना आहे.

आता टेबलावरची करवत. महाराष्ट्रात ज्यांनी लुना किंवा जुनी बजाज स्कूटर सांभाळली आहे, त्यांना हे इंजिन परकं वाटणार नाही. तेच पेट्रोलमध्ये तेल मिसळणं, तोच प्लग काढून घासणं, तेच करंट येतो का बघणं. कंप्रेशन, करंट, पेट्रोल, या क्रमाने तपासत गेलं की बिघाड सापडतोच.

कंप्रेशनची सोपी चाचणी जुने मेकॅनिक हाताने करतात. स्टार्टरच्या मुठीला धरून करवत अधांतरी लोंबकळत ठेवायची. थांबत थांबत, टप्प्याटप्प्याने खाली आली तर इंजिनात दम आहे. सरळ खाली घसरली तर नाही. मग सायलेन्सर काढून त्या भोकातून टॉर्चने पिस्टन बघायचा. पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा दिसत असतील तर आनंद मानावा. उभे खोल ओरखडे असतील तर ते इंजिन कधीतरी तेलाविना किंवा कमी पेट्रोलवर तापून चिकटलेलं आहे, आणि तिथून पुढचं काम महागाचं आहे.

करंट नसेल तर फ्लायव्हीलखाली जावं लागतं. नट सैल करून पुलरने फ्लायव्हील उचलायचं. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर हातोडी घातली की पातं तुटतं, म्हणून घाई नको. खाली छोट्या डबीत कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर. इतकी वर्षं उघडझाप न झालेल्या पॉइंटांवर करड्या रंगाचा पातळ थर चढलेला असतो. डोळ्याला तो जेमतेम दिसतो, पण करंट अडवायला तेवढा पुरतो. बारीक पॉलिश पेपरचे दोन-चार हात, आणि त्यानंतर कोऱ्या कागदाची पट्टी पॉइंटांच्या मध्ये धरून हळूच ओढायची. पहिल्यांदा पट्टीवर काळी रेघ उमटते, मग फिकट, मग काहीच नाही. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं, कारण बोटांचं तेलसुद्धा पॉइंटांमध्ये राहून चालत नाही. मग फिलर गेजने ०.०१५ इंचांचं, म्हणजे ०.३८ मिलिमीटरचं अंतर लावायचं. प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली आणि निळी ठिणगी कडकडली, की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं कार्बोरेटरमध्ये असतं, आणि या यंत्राची खरी हुशारीही तिथेच आहे. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये वाटी असते, वाटीत तरंगणारा फ्लोट असतो. स्कूटर आडवी झाली की पेट्रोल सांडतं. करवत तर आडवीच धरायची असते, कधी उलटीही. म्हणून तिच्यात फ्लोटच नाही. त्याऐवजी लवचीक डायफ्रॅम आहेत. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि कमी होतो. त्या झटक्यांवर एक डायफ्रॅम हलतो आणि टाकीतून पेट्रोल खेचतो. दुसरा डायफ्रॅम इंजिनाच्या ओढीप्रमाणे आत-बाहेर होत एका छोट्या तरफेला ढकलतो, तरफ सुईला उचलते आणि लागेल तेवढंच पेट्रोल आत येतं. ओहायोतल्या टिलटसन कंपनीचे असे कार्बोरेटर एक्सएल-१२ मध्ये बसत.

पडून राहिलेल्या करवतीत हाच दुसरा डायफ्रॅम ढोलकीच्या पुडीसारखा ताठ झालेला असतो. दाबला तर कट्ट आवाज येतो, मऊपणा गेलेला. तो तरफ हलवू शकत नाही, सुई उघडत नाही, पेट्रोल येत नाही, आणि सगळं इंजिन धडधाकट असताना करवत मेली म्हणून भंगारात जाते. नवा डायफ्रॅम-गॅस्केटचा संच आजही मिळतो. बसवताना क्रम मात्र चुकता कामा नये: तरफेच्या बाजूला आधी गॅस्केट, वर डायफ्रॅम, पंपाच्या बाजूला आधी डायफ्रॅम, वर गॅस्केट. तरफ भोवतीच्या तळाशी बरोबर समपातळीत हवी. ती किंचित वर राहिली तर इंजिन पेट्रोलने गच्च होतं, खाली राहिली तर उपाशी राहतं. पेट्रोलची नळी बदलायचीच. जुनी एकतर दगडासारखी झालेली असते, नाहीतर बोटाला काळं लावते.

यानंतर करवत बहुधा सुरू होते, आणि इथेच उत्साही माणसाचा घात होतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. ती वाळलेली असतील तर इंजिन तिथून हवा खेचतं. हवा जास्त, पेट्रोल कमी. आणि टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलबरोबरच येत असल्याने तेलही कमी. आवाज मोठा तेज लागतो, रेस आपोआप चढते, मालक खूश होतो आणि काही मिनिटांत पिस्टन चिकटतो. म्हणून पहिल्या दिवशी फुल रेस देण्याआधी क्रँककेस बंद करून थोड्या दाबाची हवा भरून बघण्याचे कष्ट घ्यावेतच. एवढ्या मेहनतीने उठवलेलं इंजिन दहा रुपयांच्या आळसापायी घालवणं मनाला फार लागतं.

तेलाचं प्रमाण हा संग्राहकांचा आवडता वाद आहे. त्या काळच्या जाड तेलासाठी १६ भाग पेट्रोलला १ भाग तेल सांगत. आजची टू-स्ट्रोक तेलं बरीच चांगली आहेत. बहुतेक जण ३२ ला १ वर थांबतात. सेटिंग मात्र कानाने होतं. रिकाम्या फुल रेसला आवाज किंचित फुटका, अडखळता यायला हवा, म्हणजे पेट्रोल पुरेसं आहे. बार लाकडात उतरला की तोच आवाज स्वच्छ, एकसारखा होतो. मोकळ्या हवेत स्वच्छ गाणारी करवत धोक्यात असते.

या करवतीपासून माणसालाही धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. अशा वेळी चेन थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला श्टील आणि हुस्क्वार्ना या कंपन्यांनी आणला. त्याआधीच्या करवतींना तो नाही. मुठींना रबराचे झटकाशोषक नसल्यामुळे हादरे सरळ हातात जातात. जंगलात रोज अशा करवती चालवणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडून बधिर होत; हा आजार हजारो कामगारांनी भोगला, तेव्हा कुठे कंपन्यांनी मुठी इंजिनापासून वेगळ्या केल्या. दुरुस्त एक्सएल-१२ ने प्रदर्शनात ओंडका कापावा, थोडं सरपण तोडावं. दिवसभराचं काम नव्या करवतीनेच करावं.

महाराष्ट्रात एवढ्या जुन्या होमलाइट शोधायला जाण्यात अर्थ नाही, पण हे ज्ञान इथे उपयोगाचं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, रस्ते झाडांनी बंद झाले, तेव्हा चेनसॉची किंमत सगळ्यांना कळली. अशा वेळी घेतलेल्या करवतीही टाकीत पेट्रोल ठेवून कपाटात गेल्या, तर पुढच्या वादळाला त्यांचं तेच होणार. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं; कोकणच्या दमट हवेत हे काम आणखी लवकर होतं.

उपाय काय, यावर जाणकारांचंही एकमत नाही. काही जण टाकी पूर्ण उपसतात आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात. दुसरे म्हणतात, कोरडा पडलेला डायफ्रॅम लवकर कडक होतो. त्यापेक्षा इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळवा, ताजं मिश्रण ठेवा आणि दर दोन महिन्यांनी करवत पाच मिनिटं चालवा. ज्याच्याकडून खरंच दर दोन महिन्यांनी दोरी ओढली जाईल त्याने दुसरा मार्ग धरावा, बाकीच्यांनी मुकाट्याने टाकी उपसावी.