माघ-फाल्गुनांतील सण, सुट्या आणि रब्बीचीं कामें

परभणी जिल्ह्यांत पौषापासून फाल्गुनापर्यंतचे अडीच-तीन महिने रब्बीच्या दृष्टीनें फार मोलाचे असतात. गव्हाचें पाणी, हरभऱ्याची व करडईची काढणी, ज्वारीचें खळें, कपाशीची शेवटची वेचणी आणि बँकेचा हिशेब हीं सारीं कामें याच दिवसांत एकापाठोपाठ एक येऊन उभीं राहतात. आणि याच दिवसांत संक्रांत, रथसप्तमी, महाशिवरात्र, शिवजयंती, होळी व धुळवड हेही येतात. सण पाळूं नयेत असें कोणीही म्हणणार नाहीं. वर्षभर मातींत राबणाऱ्या माणसास ते हवेतच. परंतु सणाची तिथि पंचांगांत कित्येक महिने आधीं छापलेली असतां आदल्या दिवशीं दिवेलागणीस "उद्यां माणसें येणार नाहींत" असें ऐकून कपाळास हात लावावा, हें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

प्रथम तारखांचा प्रकार ध्यानांत घ्यावा. मकरसंक्रांत सूर्याच्या गतीवर अवलंबून असल्यानें ती १४ किंवा १५ जानेवारीस येते. २६ जानेवारी आणि १९ फेब्रुवारीची शासकीय शिवजयंती यांच्या तारखा ठरलेल्याच आहेत. बाकीचे सण चांद्र तिथीचे. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें असल्यानें ते दरसाल सुमारें ११ दिवस अलीकडे सरकतात, आणि अधिक मास पडला म्हणजे एकदम १९ दिवसांच्या आसपास पुढें जातात. महाशिवरात्र २०२५ सालीं २६ फेब्रुवारीस, तर २०२६ सालीं १५ फेब्रुवारीस. आणि २०२६ च्या अधिक ज्येष्ठामुळें २०२७ सालची ६ मार्चला. पीक मात्र पंचांग पाहत नाहीं; तें पेरणीपासूनचे दिवस मोजतें. १ नोव्हेंबरला पेरलेला ११० दिवसांचा हरभरा १९ फेब्रुवारीस काढणीस येतो. "शिवरात्र झाली कीं हरभरा काढूं" हा जुना अडाखा २०२६ सालीं अशा पिकास ठीक बसतो. २०२७ सालीं तोच अडाखा धरला तर पीक पंधरा दिवस उभेंच राहील, आणि दुपारच्या उन्हांत घाटे तडकून व गळून जमिनीवर पडतील.

महाशिवरात्रीची गोष्ट आपल्या जिल्ह्यांत इतरांपेक्षां थोडी निराळी आहे. आपण दोन ज्योतिर्लिंगांच्या मध्यें राहतों. एकीकडे औंढा नागनाथ, जें १९९९ सालीं हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यांत होतें. दुसरीकडे बीड जिल्ह्यांतील परळी वैजनाथ. जिंतूरकडील गांवें औंढ्याची वाट धरतात, तर गंगाखेड-सोनपेठकडील परळीची. त्या वेळीं मजूर तर मिळत नाहींतच, पण ट्रॅक्टर, जीप आणि त्यांचे चालक हेही यात्रेच्या भाड्यास गुंततात. मळणीयंत्र दारांत उभें आहे आणि चालविणारा औंढ्यास गेला आहे, हा प्रकार पुष्कळांनीं अनुभवला असेल. म्हणून शिवरात्रीचा एकच दिवस सुटीचा न मानतां आदला व नंतरचा असे तीन दिवस कामाबाहेर धरावे, हें बरें.

येथें एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. उपटलेला हरभरा किंवा कापलेला गहू शेतांत उघडा टाकून यात्रेस जाऊं नये. २०१४ सालीं २७ फेब्रुवारीस महाशिवरात्र होती, आणि त्याच महिन्याच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यावर गारपीट व अवकाळी पाऊस पडून काढणीस आलेलें रब्बीचें पीक झोडपलें गेलें. उभ्या पिकाचें आपण कांहीं करूं शकत नाहीं. पण उपटलेल्या मालाचा उंच जागीं ढीग घालून त्यावर ताडपत्री बांधणें एवढें तर आपल्या हातीं असतें. ढीग आणि मळणी दोन्ही सणाआधीं उरकत नसतील, तर उपटणीच सणानंतर घ्यावी. दोन दिवसांचा उशीर उघड्या ढिगापेक्षां पत्करला.

मजुरांविषयीं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरीं हळदीकुंकवें असतात आणि बायांची टोळी दुपारनंतर शेतांत थांबत नाहीं. त्यांस रोजानें अडवून धरण्यापेक्षां या पंधरवड्यांत कपाशीची वेचणी गुत्त्यानें द्यावी. दंव उडाल्यावर लागून त्या तिसऱ्या प्रहराआधीं मोकळ्या होतात आणि काम अधिक होतें. करडईस तर ही अडचणच नाहीं. तिचे कांटे पहांटेच्या दंवानें मऊ असतात तोंवरच ती काढावयाची, म्हणून सणाच्या दिवशींही सकाळचे चार तास मिळूं शकतात. सालगड्याचें साल गुढीपाडव्यास संपतें. फाल्गुनांत त्याचें मन पुढच्या मालकाकडे लागलेलें असतें, त्यांत होळी येते. पुढील सालाचें बोलणें शिवरात्रीपूर्वींच करून टाकलें म्हणजे उभयतांस स्वस्थता लाभते.

पाण्याचें गणित अधिक कडक आहे. गव्हास फुलोऱ्यांत, म्हणजे पेरणीपासून ६० ते ६५ दिवसांनीं, आणि दाणा भरतांना ८० ते ८५ दिवसांनीं पाणी चुकूं देऊं नये. १५ नोव्हेंबरच्या पेरणीचा साठावा दिवस १४ जानेवारीस, म्हणजे बहुधा संक्रांतीसच पडतो. १ डिसेंबरच्या पेरणीचा ऐंशींवा दिवस १९ फेब्रुवारीस. पाथरी, मानवत व परभणी भागांत जायकवाडीच्या डाव्या कालव्याची पाळी आली तर ती सणासाठीं थांबत नाहीं. आपली वेळ गेली कीं पाणी खालच्याकडे जातें. घरांतील एका माणसानें त्या दिवशीं बांधावर राहावें आणि तें कोणीं, हें भावाभावांत आधींच ठरावें. तिळगूळ शेतावरही गोड लागतो.

आतां कचेऱ्या आणि बँका. राज्य सरकारच्या कचेऱ्या २०२० च्या फेब्रुवारीअखेरपासून शनिवार-रविवार बंद असतात. बँका २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारीं बंद. त्यांस सण जोडून आला कीं ओळीनें तीन दिवस जातात. २०२४ सालीं २३ मार्चला चौथा शनिवार, २४ ला रविवार व होळी, २५ ला धुळवड. पुढें त्याच आठवड्यांत २९ ला गुड फ्रायडे आणि ३१ ला पुन्हां रविवार. २०२५ सालीं ३० मार्चला रविवारीं गुढीपाडवा, ३१ ला रमजान ईद आणि १ एप्रिलला बँकांचा वार्षिक हिशेब. खरिपाच्या पीककर्जाची मुदत बहुधा ३१ मार्च असते आणि व्याजाची सवलत मुदतींत भरणाऱ्यासच मिळते. अखेरच्या आठवड्यावर विसंबून राहिलेल्या माणसाची सवलत अशा सुट्यांत बुडूं शकते. ज्यानें फेब्रुवारींतच हरभऱ्याचे कांहीं पोते मोंढ्यावर नेले आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत भरणा केला, त्यास या गर्दीशीं कर्तव्य उरत नाहीं. माल नेण्यापूर्वीं बाजार समितीचा बंद कोणत्या दिवशीं आहे, तें आडत्यास विचारून घ्यावें. भरलेली गाडी दोन दिवस दारांत उभी ठेवणें महाग पडतें.

होळीसंबंधीं थोडेंच. त्या सुमारास कडब्याच्या गंजी रचलेल्या असतात आणि वारा फिरतो. गांवची होळी खळ्यांपासून व गंजींपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास पेटवावी. पोरें होळीसाठीं लांकूड पळवितात हें चालावयाचेंच, परंतु वखराची दांडी व जूं रात्रीं शेतावर ठेवल्यास सकाळीं त्यांची राख पाहावी लागेल.

ज्यांनीं २०२६ च्या १५ नोव्हेंबरची गव्हाची पेरणी योजिली आहे, त्यांनीं एवढें टिपून ठेवावें कीं ११० ते ११५ दिवसांचा तो गहू २०२७ च्या ५ ते १० मार्चच्या दरम्यान कापणीस येतो आणि ६ मार्चला महाशिवरात्र आहे. मळणीयंत्राचा किंवा हार्वेस्टरचा विसार त्या हिशेबानें ८ मार्चनंतरचा द्यावा.