रडार वातावरणविज्ञान

रडारने प्रक्षेपित केलेल्या सूक्ष्मतरंगांचे मेघांतील व पर्जन्यातील जलबिंदू, हिमकण, गारा इत्यादींकडून होणारे प्रकीर्णन (विखुरणे) मोजून त्यावरून पर्जन्याचे स्थान, विस्तार, तीव्रता व गती ठरविण्याच्या आणि मेघांच्या अंतर्रचनेचा अभ्यास करण्याच्या शास्त्राला रडार वातावरणविज्ञान म्हणतात. वातावरणविज्ञानाची ही शाखा दुसऱ्या महायुद्धानंतर उदयास आली. पर्जन्यमापन, चक्री वादळांचा मागोवा, विमान वाहतुकीची सुरक्षितता, पूर व दरडी यांविषयीची पूर्वसूचना आणि मेघभौतिकी या क्षेत्रांत तिचा उपयोग होतो.

पाऊस मोजण्याचे मूळ साधन पर्जन्यमापक हे होय. तो एका ठिकाणचा पाऊस अचूकपणे मोजतो. परंतु आसमंतातील पावसाविषयी तो काहीच सांगू शकत नाही. ज्या पर्जन्यमापकाच्या मुखाचे क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी. आहे, त्याने १ चौ. किमी. क्षेत्राचे प्रतिनिधित्व करावयाचे म्हणजे स्वतःच्या पाच कोटी पट क्षेत्राविषयी साक्ष देणे होय. २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीत मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, तर तेथून सु. २५ किमी. दूर असलेल्या कुलाबा येथे केवळ सु. ७३ मिमी. पाऊस झाला. या दोन नोंदींच्या दरम्यान पाऊस कोठे व किती पडला, ढग कोणत्या दिशेने वाढत होते, हे विरळ पर्जन्यमापकांवरून तत्काळ कळणे शक्य नव्हते आणि त्या वेळी मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. रडार ही उणीव भरून काढते. एकाच ठिकाणी राहून ते काही मिनिटांत सभोवतालच्या हजारो चौ. किमी. प्रदेशाचे निरीक्षण करते.

इतिहास : दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने व जहाजे शोधण्यासाठी सु. १० सेंमी. तरंगलांबीची रडार यंत्रे वापरात येताच त्यांच्या पडद्यावर पावसाच्या सरींचेही प्रतिध्वनी उमटू लागले. १९४१ साली इंग्लंडमध्ये असे प्रतिध्वनी ओळखण्यात आले. सैनिकांच्या दृष्टीने तो उपद्रव होता; वातावरणवैज्ञानिकांना मात्र त्यातून एक नवे साधन लाभले. जे. डब्ल्यू. राइड या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी युद्धकाळातच पाऊस व गारा यांच्यामुळे सूक्ष्मतरंगांचे किती प्रकीर्णन व क्षीणन होईल, याची सैद्धांतिक गणना केली. कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठाच्या जे. एस. मार्शल व डब्ल्यू. एम. पामर यांनी १९४८ मध्ये पर्जन्यबिंदूंच्या आकारमानांच्या वाटणीचे सूत्र मांडले आणि रडारने पाऊस मोजण्याच्या पद्धतीचा पाया घातला. ९ एप्रिल १९५३ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका घूर्णवाती वादळाचा आकड्यासारखा वळलेला प्रतिध्वनी प्रथमच टिपला गेला. अशी आकृती धोक्याची खूण म्हणून पुढे सर्वत्र ओळखली जाऊ लागली.

तत्त्व : रडारचा प्रेषक सु. १ मायक्रोसेकंद टिकणारे शक्तिशाली स्पंद आकाशकामार्फत अरुंद शलाकेच्या स्वरूपात सोडतो. शलाकेच्या मार्गात जलबिंदू आल्यास ऊर्जेचा अत्यल्प अंश परत फिरतो व त्याच आकाशकावर येतो. विद्युत् चुंबकीय तरंगांचा वेग सेकंदाला सु. ३ लक्ष किमी. असल्याने प्रतिध्वनी १ मिलिसेकंदाने परत आल्यास पाऊस १५० किमी. अंतरावर आहे, असे समजते. आकाशकाच्या रोखावरून दिशा व उन्नती कोन कळतात. आकाशक क्षितिजसमांतर फिरवून आणि प्रत्येक फेरीनंतर उन्नती कोन वाढवीत जाऊन वातावरणाच्या संपूर्ण घनफळाची पाहणी करता येते.

बिंदूचा व्यास तरंगलांबीच्या मानाने बराच लहान असेल, तर त्याच्याकडून परत येणारी ऊर्जा व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते. एकक घनफळातील सर्व बिंदूंच्या व्यासांच्या सहाव्या घातांची बेरीज म्हणजे परावर्तन गुणक होय. ग्रहण केलेली शक्ती या गुणकाच्या सम प्रमाणात व अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. परावर्तन गुणकाची मूल्ये फार मोठ्या पल्ल्यात बदलत असल्याने ती डेसिबेल या लॉगरिथमी मापाने व्यक्त करतात.

रडारचे सामर्थ्य व त्याची अडचण ही दोन्ही या सहाव्या घातात सामावलेली आहेत. ३ मिमी. व्यासाचा एक बिंदू १ मिमी. व्यासाच्या ७२९ बिंदूंइतका प्रतिध्वनी देतो. परंतु त्यात पाणी मात्र अशा २७ बिंदूंइतकेच असते. म्हणजेच मोजके टपोरे थेंब आणि असंख्य बारीक थेंब रडारला सारखेच ‘दिसू’ शकतात. जमिनीवर पडणारे पाणी मात्र दोहोंत अगदी भिन्न असते.

तरंगलांबीची निवड : पर्जन्यनिरीक्षणासाठी प्रामुख्याने सु. १०, ५ व ३ सेंमी. तरंगलांब्या वापरतात. १० सेंमी. तरंगांचे मुसळधार पावसातही फारसे क्षीणन होत नाही. म्हणून चक्री वादळांच्या निरीक्षणासाठी त्या पसंत केल्या जातात. मात्र त्यांसाठी मोठा आकाशक लागतो व खर्च वाढतो. ३ सेंमी. तरंगलांबीचे रडार लहान, स्वस्त व सहज हलविता येण्याजोगे असते; परंतु जोरदार पावसाच्या पलीकडील पाऊस त्याला क्षीण दिसतो किंवा दिसतही नाही. मेघांतील सूक्ष्म बिंदूंचा व्यास सु. ०·०२ मिमी. एवढाच असल्याने ते टिपण्यासाठी ८ किंवा ३ मिमी. तरंगलांबीची ‘मेघ रडारे’ वापरतात.

पर्जन्याच्या तीव्रतेचे मापन : परावर्तन गुणक व पर्जन्याची तीव्रता यांतील संबंध बिंदूंच्या आकारमानांच्या वाटणीवर अवलंबून असतो. मार्शल व पामर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संबंधानुसार तासाला मिमी. मध्ये दिलेल्या तीव्रतेचा १·६ वा घात घेऊन त्याला २०० ने गुणल्यास परावर्तन गुणक मिळतो. त्यानुसार तासाला १ मिमी. पावसाला सु. २३ डेसिबेल, १० मिमी. पावसाला सु. ३९ डेसिबेल व १०० मिमी. पावसाला सु. ५५ डेसिबेल परावर्तन गुणक येतो. संततधार पाऊस, गडगडाटी वादळातील सर व डोंगराळ भागातील पाऊस यांत बिंदूंची वाटणी भिन्न असल्याने स्थिरांक बदलावे लागतात. यंत्राच्या अंशनात १ डेसिबेल एवढी चूक असली, तरी तीव्रतेत सु. १५ टक्के चूक येते.

मापनातील दोष : बिंदूंच्या वाटणीखेरीज पुढील कारणांनी रडारच्या मापनात दोष येतात. (१) पृथ्वीच्या वक्रतेमुळे शलाका दूर जाताना जमिनीपासून उंच जाते. ०·५° उन्नती कोन असलेल्या शलाकेचा मध्य १०० किमी. अंतरावर सु. १·५ किमी., तर २०० किमी. अंतरावर ४ किमी. हून अधिक उंचीवर असतो. त्याखाली पडणारा पाऊस निसटतो. १° रुंदीची शलाका १०० किमी. अंतरावर सु. १·७५ किमी. रुंद होते व बारकावे पुसले जातात. (२) डोंगर, इमारती यांचे प्रतिध्वनी पावसाच्या प्रतिध्वनीत मिसळतात, तर डोंगरामागील भाग झाकला जातो. (३) जमिनीलगतच्या हवेत तापमान व आर्द्रता उंचीनुसार विशिष्ट प्रकारे बदलत असल्यास शलाका खाली वाकते व पाऊस नसताना तो असल्याचा भास होतो. (४) गारांमुळे परावर्तन गुणक एकदम वाढून पावसाची तीव्रता अवास्तव मोठी दिसते. (५) हिमकण वितळण्याच्या थरात ‘तेजस्वी पट्टा’ दिसतो.

तेजस्वी पट्ट्याचे कारण बोधप्रद आहे. बर्फाची परावर्तनशक्ती पाण्याच्या सु. एकपंचमांश असते. ०° से. च्या पातळीखाली आलेला हिमपुंज वितळू लागताच त्यावर पाण्याचे आवरण चढते व रडारला तो एखाद्या प्रचंड थेंबासारखा भासतो. पूर्ण वितळल्यावर तो आक्रसून लहान थेंब बनतो, शिवाय अधिक वेगाने पडू लागल्याने एकक घनफळातील थेंबांची संख्या घटते. परिणामी प्रतिध्वनी पुन्हा मंदावतो. भारतात मॉन्सूनच्या काळात हा पट्टा सु. ५ किमी. उंचीजवळ आढळतो.

सह्याद्रीच्या प्रदेशात वरील दोषांपैकी पहिले दोन एकवटतात. समुद्रावरून येणारी दमट हवा घाटावर चढताना बनणारे अनेक मेघ उथळ असतात व त्यांतील पाऊस बर्फाच्या मध्यस्थीवाचून, कमी उंचीवरच तयार होतो. दूरच्या रडारची शलाका अशा मेघांच्या माथ्यावरून निघून जाते आणि जेथे पाऊस सर्वांत जास्त तेथेच तो कमी मोजला जाण्याचा संभव असतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. असे उतार धोक्याच्या मर्यादेपर्यंत केव्हा भिजतात, हे कळण्यासाठी डोंगराळ भागातील पावसाचे सलग मापन अत्यावश्यक आहे. म्हणून घाटक्षेत्रात कमी पल्ल्याची अधिक रडारे व स्वयंचलित पर्जन्यमापक यांची जोड देणे इष्ट ठरते. सर्वसाधारणपणेही रडारने दाखविलेली पावसाची वाटणी ग्राह्य धरून तिचे मूल्य पर्जन्यमापकांच्या नोंदींनुसार दुरुस्त करतात.

मेघांचा अभ्यास : आकाशकाचा रोख एका दिशेला ठेवून तो वर-खाली फिरविल्यास मेघाचा उभा छेद मिळतो. त्यावरून मेघमाथ्याची उंची, वाढीचा वेग, पहिला प्रतिध्वनी कोणत्या पातळीवर उमटला व पाऊस जमिनीपर्यंत पोहोचला की मध्येच बाष्परूप झाला, हे समजते. पहिला प्रतिध्वनी ०° से. च्या पातळीखाली उमटल्यास थेंबांच्या टकरी व एकत्रीकरण यांमुळे, तर बराच वर उमटल्यास बहुधा हिमकणांच्या साहाय्याने पाऊस तयार झाला, असे अनुमान करतात. तेजस्वी पट्टा असलेले विस्तृत व एकसारखे प्रतिध्वनी स्तरीय मेघांचे, तर उभे, तीव्र व अल्पायुषी प्रतिध्वनी गर्जन्मेघांचे निदर्शक असतात. गोठण पातळीच्या बऱ्याच वर ४५ डेसिबेलहून मोठे प्रतिध्वनी टिकून राहिल्यास गारपिटीची शक्यता वर्तवितात.

डॉप्लर रडार : सी. जे. डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या परिणामानुसार लक्ष्य रडारकडे किंवा रडारपासून दूर जात असल्यास परतलेल्या तरंगाची कंप्रता बदलते. त्यावरून थेंबांना वाहून नेणाऱ्या वाऱ्याचा शलाकेच्या दिशेतील वेग मिळतो. चक्री वादळातील वारे, गर्जन्मेघातील घूर्णन व मेघाखालील धोकादायक अधोवाह यांमुळे ओळखता येतात. मात्र येथे एक मूलभूत मर्यादा आहे. सेकंदाला १,००० स्पंद सोडल्यास १५० किमी. पर्यंतचेच अंतर निःसंदिग्धपणे कळते आणि १० सेंमी. तरंगलांबीला सेकंदाला २५ मी. पर्यंतचाच वेग. स्पंदांची संख्या वाढविल्यास वेगाचा पल्ला वाढतो. परंतु अंतराचा घटतो.

द्विध्रुवण रडार : मोठा पर्जन्यबिंदू पडताना हवेच्या रोधामुळे खालून चपटा होतो. क्षैतिज व ऊर्ध्व अशा दोन्ही ध्रुवणांचे तरंग वापरल्यास चपट्या थेंबांकडून क्षैतिज प्रतिध्वनी अधिक तीव्र येतो. गडगडत पडणाऱ्या गारांच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ सारखे असतात. त्यामुळे थेंबांचे आकारमान अजमावता येते व गारा वेगळ्या ओळखता येतात. टी. ए. सेलिगा व व्ही. एन. ब्रिंगी यांनी १९७६ मध्ये ही कल्पना पर्जन्यमापनासाठी मांडली. दोन ध्रुवणांच्या कलांमधील फरकावरून काढलेल्या पावसावर क्षीणनाचा वा अंशनातील चुकीचा परिणाम होत नसल्याने मुसळधार पावसात ही रीत विशेष उपयुक्त ठरते.

उपग्रहावरील रडार : समुद्र व दुर्गम प्रदेश यांवरील पाऊस मोजण्यासाठी अमेरिका व जपान यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये सोडलेल्या उपग्रहावर पहिले पर्जन्य रडार बसविले होते, ही मोहीम २०१५ मध्ये संपली. फेब्रुवारी २०१४ मध्ये सोडलेल्या उपग्रहावर दोन कंप्रतांचे रडार आहे. एप्रिल २००६ मध्ये सोडलेल्या ‘क्लाउडसॅट’ या अमेरिकी उपग्रहाने ३ मिमी. तरंगांनी मेघांचे उभे छेद मिळविले. मे २०२४ मध्ये सोडलेल्या यूरोप व जपान यांच्या उपग्रहावर डॉप्लर मेघ रडार आहे.

भारतातील कार्य : भारतीय हवामानशास्त्र विभागाने १९५४ मध्ये कोलकात्याच्या डमडम विमानतळावर वादळसूचक रडार बसविले. बंगालमध्ये उन्हाळ्यात येणाऱ्या कालवैशाखी वादळांच्या अभ्यासाला त्यामुळे चालना मिळाली. १९७० मध्ये विशाखापटनम् येथे १० सेंमी. तरंगलांबीचे चक्री वादळसूचक रडार उभारण्यात आले व पुढे दोन्ही किनाऱ्यांवर अशी केंद्रे निघाली. पहिले डॉप्लर रडार २००२ मध्ये चेन्नई येथे कार्यान्वित झाले. मुंबईत कुलाब्यापाठोपाठ २०२२ मध्ये वेरावली येथे दुसरे डॉप्लर रडार सुरू झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सातारा जिल्ह्यातील मांढरदेव येथे सु. १,३०० मी. उंचीवर ३ सेंमी. व ८ मिमी. तरंगलांब्यांची रडारे बसवून घाटमाथ्यावरील मेघांचा अभ्यास केला आहे.

रडार पाऊस प्रत्यक्ष मोजीत नाही, तर पावसाच्या थेंबांकडून आलेल्या ऊर्जेवरून त्याचे अनुमान करते. हे ध्यानात घेऊन त्याच्या नोंदींना पर्जन्यमापक व उपग्रह यांच्या नोंदींची जोड दिल्यास पुढील काही तासांतील पावसाचा अंदाज करता येतो आणि नदीकाठच्या, शहरांतील व डोंगरउतारावरील वस्त्यांना वेळीच सावध करणे शक्य होते.