आधी वाट, मग चेंडू

अमेरिकन फुटबॉलचा सामना पहिल्यांदा बघणाऱ्याच्या लक्षात राहतो तो वाइड रिसीव्हर. मैदानाच्या कडेला उभा राहणारा, सुसाट सुटणारा आणि लांबून आलेला चेंडू झेपावून पकडणारा. म्हणूनच त्याच्याबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज असा, की जो सर्वांत वेगवान तोच सर्वांत चांगला.

जेरी राइसचंच बघा. या जागेवरचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून बहुतेक जण त्याचं नाव घेतात. पण १९८५ साली एनएफएल या व्यावसायिक लीगच्या संघांनी कॉलेजमधले खेळाडू निवडले, तेव्हा त्याच्याआधी पंधरा जणांची नावं पुकारली गेली आणि त्यांत दोन रिसीव्हरही होते. वेग जोखण्यासाठीच्या चाळीस यार्डांच्या धावेतली राइसची वेळ अनेकांना साधारण वाटली होती.

वस्तुस्थिती ही, की रिसीव्हर मनाला येईल तिकडे पळत नाही. प्रत्येक चालीत त्याची वाट आखलेली असते. तिला रूट म्हणतात. ठरलेली पावलं सरळ, मग आत किंवा बाहेर वळण. पुष्कळदा तो वळायच्या आधीच क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, हातून चेंडू सुटलेला असतो. फेक माणसाकडे नसते, रिकाम्या जागेकडे असते. पाऊल चुकलं, की तोच चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. राइसचं मोठेपण या वळणात होतं. भर वेगातही तो नेमक्या पावलावर वळायचा, आणि कुठे वळणार याचा सुगावा समोरच्याला लागू द्यायचा नाही. मला तर त्याच्या झेलांपेक्षा ही वळणंच पुन्हा पुन्हा बघावीशी वाटतात.

‘झेल घेणारे हात जन्मजात असतात’ हेही खरं नाही. राइसचे वडील मिसिसिपीत गवंडी होते. उन्हाळ्यात तो त्यांच्या हाताखाली राबायचा. भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर उभा राहून त्या झेलायचा. तरीही सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सकडून पहिल्या मोसमात त्याच्या हातून इतके चेंडू निसटले, की घरच्या मैदानावरच त्याची हुर्यो उडवली गेली.

चेंडू दुसऱ्या सहकाऱ्याकडे असला म्हणजे रिसीव्हरला विश्रांती, असंही नाही. तेव्हा त्यानं प्रतिस्पर्ध्याला अंगानं अडवायचं असतं. हे काम आकडेवारीत फारसं दिसत नाही, पण प्रशिक्षक त्यावरून खेळाडू जोखतात.

पैशांबद्दलही असाच एक गैरसमज: बातमीतली कराराची रक्कम सगळी हातात पडेलच असं नाही. हमी बहुतेकदा तिच्या काही भागाचीच असते. संघानं मध्येच नारळ दिला, तर उरलेली बुडू शकते. आणि एनएफएलमधली सरासरी कारकीर्द खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबानं जेमतेम तीन-साडेतीन वर्षांची.

राइस मात्र वीस मोसम खेळला. इतरांच्या सुट्टीच्या महिन्यांत तो कॅलिफोर्नियातल्या सॅन कार्लोसजवळची एक टेकडी धावत चढायचा, सुमारे अडीच मैलांची चढण. बरोबर आलेले कित्येक खेळाडू मध्येच थांबायचे. १९९७च्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. डिसेंबरात तो परतला आणि त्याच सामन्यात गुडघ्याची वाटी फुटली. पुढच्या मोसमात तो पुन्हा मैदानात होता. २००२च्या मोसमात, वयाच्या चाळिशीत, त्यानं ओकलंड रेडर्ससाठी झेलांतून १,२११ यार्ड कमावले. त्या मोसमाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, रेडर्स हरले, पण त्यातही एक टचडाउन राइसचा होता.