चूक माणसाची की मांडणीची?

अ‍ॅप, वेबसाइट, तिकिटाचे यंत्र अशा गोष्टी वापरायला सोप्या कशा होतील हे ठरवणे हा माझा व्यवसाय. 'यूएक्स' या नावाने तो आता ओळखला जातो. डॉन नॉर्मन या अमेरिकी संशोधकाने १९९३ मध्ये अ‍ॅपलमध्ये काम सुरू केले, तेव्हा आपल्या हुद्द्यातच 'यूजर एक्स्पीरियन्स' हे शब्द घेतले आणि ते रूढ झाले. त्याआधी, १९८८ साली, दरवाजे, शेगड्या आणि नळ यांच्याविषयी लिहिताना त्यांनी एक गोष्ट ठासून सांगितली होती. वस्तू वापरताना अडखळलेला माणूस स्वतःला बोल लावतो. दोष मात्र बहुतेक वेळा रचनेत असतो. आपल्याकडच्या जुन्या-नव्या यंत्रणा या कसोटीवर घासून पाहण्यासारख्या आहेत.

सुरुवात मतपेटीपासून करावी लागते. १९५१च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. लोक आधी शिकोत, मग मत देवोत, असे म्हणत थांबणे शक्य नव्हते. म्हणून १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी देऊन तिच्यावर त्याचे चिन्ह लावले. मतदाराने मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची, की झाले. वाचायला नको, लिहायला नको. पुढे मतदान यंत्र आले. १९८२ मध्ये केरळातल्या परावूरला ते प्रथम वापरले गेले आणि २००४च्या लोकसभा निवडणुकीत देशभर पोहोचले. त्याच्या रचनेत आयआयटी मुंबईच्या आयडीसी या १९६९ साली सुरू झालेल्या डिझाइन संस्थेतल्या अध्यापकांचा हात होता. चिन्हासमोर एकच बटण. दाबले की लाल दिवा लागतो, मग शिट्टीसारखा आवाज येतो. मत कोणाला गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड ७ सेकंद दिसते. 'माझे काम झाले का?' या प्रश्नाला यंत्र स्वतःहून उत्तर देते. आजही कित्येक अ‍ॅप्सना हे साधत नाही.

मुंबईच्या लोकलची गोष्ट जरा वेगळी. मध्य रेल्वेवर कल्याण, कर्जत आणि कसारा ही तिन्ही ठिकाणे इंग्रजी 'के'ने सुरू होतात. त्यामुळे इंडिकेटरवर कल्याणला 'के', कर्जतला 'एस' आणि कसाऱ्याला 'एन' अशी अक्षरे आली. धावत जिना उतरणाऱ्या डोंबिवलीकराला एक अक्षर आणि फास्ट-स्लोची खूण पुरते. नवख्याला मात्र 'एस' म्हणजे कर्जत हे कोणी सांगितल्याशिवाय कळणे कठीण. सरावलेल्याचा वेग आणि नवख्याची सोय यांतली ही ओढाताण आमच्या धंद्यात रोज चालते. बैठकीत नवख्याची बाजू मांडायला कोणी नसते, म्हणून बहुधा तोच हरतो.

त्याहून मोठा घोळ नावाचा. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव सांगतो. कागदावर आडनाव कधी आधी येते, कधी शेवटी. पडद्यावरचे रकाने करणाऱ्याच्या डोक्यात मात्र पहिले आणि शेवटचे अशी दोनच नावे असतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचे बँकेतले नाव, आधारवरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळत नाही आणि खेटे तिलाच घालावे लागतात. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचेही नाव बंधनकारक केले: मूल, आई, वडील, आडनाव. सामाजिकदृष्ट्या निर्णय स्वागतार्हच; पण दोन-तीन रकान्यांवर उभ्या असलेल्या साऱ्या प्रणालींना आता आईच्या नावाचा रकाना लागेल. तो वेळेत झाला नाही, तर शाळाप्रवेशाच्या वेळी त्याचा जाच पुन्हा आईबापांना.

पैशांच्या व्यवहारात २०१६ साली आलेल्या यूपीआयने खाते क्रमांक आणि ११ अक्षरांचा आयएफएससी कोड यांची कटकट संपवली. पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचे नाव दिसते. हात भाजीत किंवा पिठात असलेल्या दुकानदारासाठी पैसे जमा झाल्याचे मराठीतून सांगणारा छोटा स्पीकर आला. माणसाच्या हातांकडे बघून केलेले हे काम. पण याच यूपीआयमध्ये पैसे 'मागण्याची' सोयही होती. भामटा मागणीची विनंती पाठवून म्हणायचा, 'पिन टाका, पैसे मिळतील.' पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नव्हे. तरी अनेकजण फसले आणि वर 'अक्कल कुठे गेली होती?' हेही त्यांना ऐकून घ्यावे लागले. जागृतीच्या सूचना वर्षानुवर्षे फिरल्या. अखेर ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही विनंतीच बंद करण्यात आली. उपदेशाने जे झाले नाही, ते मांडणी बदलून करावे लागले.

हे सारे अनवधानाने झालेले दोष. मुद्दाम पेरलेले दोष निराळे. खरेदीच्या यादीत न मागता विमा घुसडणे, वर्गणी सुरू करायला एक टिचकी आणि बंद करायला भुलभुलैया, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणारे वाक्य. ब्रिटिश डिझाइनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये या युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' असे नाव दिले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांचे १३ प्रकार नोंदवून त्यांना मनाई केली. हे प्रकार आपोआप उगवत नाहीत. कोणा डिझाइनरने ते बसून आखलेले असतात, आणि आमच्या व्यवसायाने ही जबाबदारी झटकू नये.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याहून मूलभूत गोष्ट सांगितली. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तीला केवायसीच्या, म्हणजे ओळख पडताळणीच्या, वेळी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटता येत नाही. दृष्टिहीनाला पडद्यावरची चौकट दिसत नाही. अशांना वगळणारी प्रक्रिया चालणार नाही आणि डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा तो निकाल. त्या निकालाने पापणी न मिटणाऱ्या माणसाला बदलायला सांगितले नाही, कॅमेऱ्यामागच्या प्रणालीला सांगितले.

सोपेपणा ही कंपनीची मेहेरबानी नव्हे, तो वापरणाऱ्याचा हक्क आहे. म्हणून वाचकांना एवढीच विनंती: घरातल्या ज्येष्ठांच्या हातून फोन काढून घेऊन काम उरकू नका, ते कुठे अडले ते विचारा आणि त्या सेवेच्या चालकांना कळवा. फसवी मांडणी दिसली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रार आली नाही की सारे आलबेल आहे असे बैठकीत धरले जाते, हे मी आतून सांगतो.